दारावरचे सहा ठोके

उद्यमनगरात ठोकाठोकी ऐकून कुणी दचकत नाही. लेथ घरघरत असतात, घण पडत असतात, पत्रे कापले जात असतात, आणि त्या सगळ्या गदारोळात माणसं चहा पितात, भांडतात, पोरींची लग्नं जमवतात. अशा या भागात, एका वर्कशॉपच्या मागच्या बोळात, नीलम्मा हत्तरकी यांचं दोन खोल्यांचं घर आहे. वय बासष्ट, अंगानं काटकुळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव. बाहेर कितीही कल्लोळ असला तरी आपल्या दारावरची टकटक त्यांना बरोबर ऐकू यायची, आणि ती त्या मोजायच्या. गल्लीत काहीजण याला शिस्त म्हणत, काहीजण खोड. खरं सांगायचं तर खोडच होती, पण बाईंच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरातच संध्याकाळचा वर्ग सुरू केला, तोही मोठ्या माणसांसाठी. परदेशी जायच्या परीक्षेला बसणारी निशिगंधा नावाची नर्स, लग्नाचे फोटो काढणारा राजवर्धन, शिरोली एमआयडीसीतले दोन-तीन कामगार. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की घशाला कोरड पडते, अशी ही मंडळी.

बाईंचं सांगणं सोपं होतं. "ऊस अख्खा तोंडात घालतासा व्हय? पेरावर मोडायचा, मग चावायचा. शब्द बी तसाच मोडायचा." मग त्या टेबलावर बोटाच्या पेरांनी वाजवून दाखवत. शब्दाचे जेवढे तुकडे तेवढे ठोके, आणि त्यातल्या एकाच तुकड्यावर खरं वजन. ते कुठं पडतं हे कळलं, की बाकीचे तुकडे आपोआप रांगेत येतात. "आपण मराठी बोलतो तवा सगळ्या तुकड्यांना सारखं वाढतो. इंग्रजीत पंगत तशी नसतीया. एकाच्या पानात लाडू, बाकीच्यांच्या पानात नुसता भात." फोटो म्हणताना वजन पहिल्या तुकड्यावर. त्याचाच फोटोग्राफर केला की ते दुसऱ्यावर जातं, फोटोग्राफिक म्हटलं की तिसऱ्यावर. शेपूट बदललं की वजन सरकतं. राजवर्धन पंधरा वर्षं स्वतःच्याच धंद्याचं नाव चुकीचं उच्चारत होता, हे त्याला या वर्गात कळलं.

आता दाराची गोष्ट. वर्गात येणाऱ्या प्रत्येकाला बाई एक लांब शब्द द्यायच्या, त्याच्याच कामाधंद्यातला. तो त्याचा दारचा शब्द. रोज वर्गाला आलं की नाव सांगायचं नाही, हाक मारायची नाही, तोच शब्द दारावर वाजवायचा. निशिगंधाचा होता कम्युनिकेशन, पाच ठोके, चौथा जड. बरोबर वाजला की आतून बाईंचा आवाज यायचा, "ये." आत गेलं की तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. दारात आलेल्याला आधी गूळपाणी, ही बाईंच्या वडिलांची, बाळाप्पांची, गडहिंग्लजच्या घरातली रीत. बाईंनी ती जपली, फक्त तिच्या आधी स्वतःचा एक नियम घुसडला. वाजवायचे तीन प्रयत्न. तिन्ही चुकले तर दार उघडत नाही, घरी जाऊन सराव करायचा.

हा नियम त्यांनी कुठून उचलला तेही सांगायला हवं, नाहीतर बाई उगीचच दुष्ट वाटतील. त्या सातवीत असताना, घरी कन्नड बोलणाऱ्या या पोरीला एक्झॅमिनेशन हा शब्द काही केल्या म्हणता येईना. मास्तरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि सांगितलं, येईल तेव्हा दार वाजव. चार दिवस ती उन्हात उभी राहिली. पाचव्या दिवशी पहाटे घरी अव्वा, म्हणजे आई, उखळात मिरच्या कांडत होती. हलके हलके घाव, मधेच एक अंगातलं सगळं बळ लावून. पोरगी खोकत खोकत ऐकत बसली आणि तिला एकदम उमगलं. शाळेत जाऊन तिनं दारावर पाच ठोके दिले, चौथा जड, आणि शब्द म्हणून दाखवला. दार उघडलं. दाराबाहेर उभं केल्यामुळंच आपण शिकलो, असं नीलम्माबाई जन्मभर मानत आल्या. त्या चार दिवसांत किती वेळा रडू आलं होतं, हे मात्र त्या सोयीस्करपणे विसरून गेल्या होत्या.

पिराजी चौगले या वर्गात आला तो गेल्या दिवाळीनंतर. वय चव्वेचाळीस, हातकणंगल्याकडचा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत नॉकआउटला. म्हणजे ओतलेलं लोखंड थंड झालं की वाळूचा साचा फोडून आतलं कास्टिंग बाहेर काढायचं. वीस वर्षं हेच काम. वीस वर्षांची धूळ छातीत साचलेली, आणि डॉक्टरांनी स्पष्ट बजावलेलं, की धुळीतून बाहेर पड, नाहीतर मग आमच्याकडं येऊ नकोस. बाहेर पडायला एकच वाट होती, सुपरवायझरची जागा. ती ज्याला मिळेल त्यानं परदेशी पाहुणे आले की त्यांना काम समजावून सांगायचं, इंग्रजीत.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "बाई, मला अरे-जारेच बोला. अहो-जाहो केलंसा तर शिकल्यागत वाटत न्हाय."

बाईंना तो तिथंच आवडला. त्यांनी त्याला शब्द दिला सॉलिडिफिकेशन. पातळ लोखंड घट्ट होणं. तो शब्द तो रोज ऐकायचा आणि कधी म्हणायचा नाही. बाईंनी फोडून दाखवला. आधी सॉलिड, दोन तुकडे, वजन पहिल्यावर. मग सॉलिडिफाय, चार तुकडे, वजन दुसऱ्यावर. मग सगळा शब्द, सहा तुकडे, वजन पाचव्यावर. सॉ-लि-डि-फि-के-शन. "के वर पडायचं. शन आलं की त्याच्या आदल्याच्या डोक्यावर वजन, ही खूण ध्यानात ठेव."

तोंडानं त्याला आठवड्यात जमलं. हाताला जमेना. दारावर वाजवताना पहिलाच ठोका घणासारखा पडायचा आणि उरलेले पाच हलके. त्याचा तरी काय दोष? साचा फोडताना पहिला घाव जबरदस्त घालायचा, साचा तडकवायचा, आणि मग कास्टिंगला इजा होऊ नये म्हणून हलके हलके टोले देऊन वाळू झाडायची. वीस वर्षं हाताला हीच सवय. डोकं सांगायचं पाचवा, हात मारायचा पहिला. दर खेपेला दोनदा चुकून तिसऱ्यांदा कसाबसा बरोबर यायचा, आणि आत आल्यावर स्वतःच हसायचा. गुळाचा खडा गालात धरून म्हणायचा, "एक दिवस पयल्याच दणक्यात बरोबर वाजवतो बगा. तवा तुम्ही 'बरोबर' म्हनायचं. नुसतं 'ये' न्हाय."

"तो दिवस येऊ दे की," बाई म्हणायच्या. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारची गोष्ट. फाउंड्रीत शनिवारी पाहुणे येणार होते आणि पिराजीला त्यांच्यासमोर बोलायचं होतं. वर्ग पाचचा. पावणेपाचला, बाई एकट्याच असताना, दार वाजलं. पहिला जड, पाच हलके.

बाईंनी पहिला प्रयत्न मोजला. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं, तसंच. बाहेर खोकण्याचा आवाज आला. बाईंना वाटलं, गडी लाडीगोडी लावतोय. परवा पाहुण्यांसमोर तिसरी संधी कोण देणार आहे, आज कच खाल्ली तर शनिवारी याची फजिती होईल, असा त्यांनी विचार केला. त्यात थोडी माया होती आणि थोडा स्वतःच्या नियमाचा ताठा होता. तिसऱ्यांदा दार वाजलं. पहिला ठोका जड, पण आता तोही फारसा जड नव्हता, आणि पुढचे पाच जेमतेम ऐकू येण्याएवढे. चूक ती चूकच. बाई उठल्या नाहीत. चपला घासत दूर गेल्या, तो आवाज त्यांनी बसल्या जागी ऐकला.

सोमवारी निशिगंधा दार वाजवायचंच विसरून, नुसतं लोटलेलं दार ढकलून रडत आत आली. पिराजी गुरुवारपासून तिच्याच हॉस्पिटलात होता, रविवारी पहाटे गेला. बाईंनी तिला नियम मोडल्याबद्दल काही म्हटलं नाही. त्या दिवशी वर्ग झाला नाही.

त्याच आठवड्याचा गुरुवार. निशिगंधा आणि राजवर्धन लवकर आले होते. पावणेपाचला दारावर सहा ठोके पडले. पहिला जड, पाच हलके.

"कुणी उठायचं न्हाय," बाई सवयीनं म्हणाल्या. "चुकलंय."

म्हणून झालं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, ही चूक कुणाची आहे. सगळ्या वर्गात असं एकच माणूस चुकायचं. राजवर्धनच्या हातातली वही खाली पडली. पुन्हा सहा ठोके. मग तिसऱ्यांदा. निशिगंधानं दोन्ही हातांनी बाईंचा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती. ठोके थांबल्यावर चपला घासत दूर गेल्या.

राजवर्धननं धीर करून दार उघडलं. बोळात लख्ख ऊन होतं. समोरच्या दोरीवर बनियन वाळत होते, एक मांजर स्कूटरच्या सीटवर झोपलं होतं, आणि माणूस म्हणून कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर चिमूटभर काळी वाळू पडली होती. वर्कशॉपमधून उडून आली असेल, असं राजवर्धन म्हणाला. वर्कशॉपमध्ये वाळू नसते, हे त्यालाही ठाऊक होतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा पावणेपाच. बाई कान लावून बसल्या होत्या. या खेपेस पहिला ठोका हलका पडला. दुसरा जड. मग चार हलके. तिन्ही वेळा तसंच.

वजन एका तुकड्यानं पुढं सरकलं होतं. ज्यानं कुणी हे केलं होतं, तो सराव करत होता.

त्या शनिवारी पिराजीची मुलगी क्रांती आली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली सावळी, उंच पोरगी, बापासारखेच रुंद हात. दारावर साधी टकटक करून ती उभी राहिली. बाईंनी आत घेतलं, गूळपाणी दिलं. पोरीनं पिशवीतून बापाची वही काढून टेबलावर ठेवली. वहीत पानंच्या पानं सहा सहा टिंबं काढलेली, पाचवं टिंब मोठं.

"बाई, एक इच्यारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी पप्पा तुमच्याकडं आलतं का? शिफ्ट सुटल्यावर गाडी चालवताना दम लागला म्हणं त्येंस्नी. छातीत हवाच जाईना. मग जवळ म्हणून हितं आलं, घटकाभर बसावं, पाणी प्यावं म्हणून. तितनं रिक्षा करून दवाखान्यात गेलं."

बाई वहीची पानं उलटत राहिल्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "काय म्हणाला तो?"

"म्हणालं, बाईंच्या घरात पाच मिनटं टेकलो असतो तर बरं वाटलं असतं. पर शब्द चुकला माझा." पोरगी डोळे पुसत थोडं हसली. "शेवटपतूर बोटानं गादीवर वाजवत हुतं. मी म्हटलं, पप्पा, आता पाहुणं येऊन गेलं, आता कशाला? तर म्हणालं, दार उघडाय पायजे न्हवं?"

तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं, आणि तेच बाईंना सोसेना. ती गेल्यावर त्या तशाच बसून राहिल्या. रात्री त्यांनी स्वयंपाक केला नाही. एक माणूस श्वास मागायला दारात आला आणि आपण आत बसून त्याचे ठोके मोजले. खोकला ऐकला, आणि तो सोंग समजलो. तिसऱ्या खेपेला ठोके का मंदावले होते, हे आता कळलं. लोक म्हणतात वेळ आली होती, डॉक्टरही तसंच म्हणाले असते, पाच मिनिटांनी काही फरक पडला नसता. नसेलही पडला. पण पाणी तरी मिळालं असतं.

शेजारच्या वर्षाराणी यांना बाईंनी सगळं सांगितलं. वर्षाराणी दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणाऱ्या, अशा गोष्टींना न हसणाऱ्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"बाई, एक ध्यानात ठेवा. उंबऱ्याभाईर काय बी वाजू दे, 'ये' म्हणू नका. भाईर हाय तवर भाईरच ऱ्हातंय. तुम्ही तोंडानं बोलावलंसा की ते आत येतंय, आन् मग त्येला जा म्हणायचं कुणाच्या हातात नसतंय."

त्यांनी वाडीहून अंगारा आणला आणि चौकटीला लावला. बाईंनी लावू दिला. गुरुवारी पावणेपाचला दार वाजलंच. दोन हलके, तिसरा जड, तीन हलके. अंगारा होता तिथंच होता. शेवटच्या ठोक्यानंतर या वेळी खोकल्याचा आवाजही आला, कोरडा आणि लांब, आणि तो बाईंनी ओळखला.

आता हिशेब सरळ होता. पुढच्या गुरुवारी वजन चौथ्यावर येणार, त्याच्या पुढच्या गुरुवारी पाचव्यावर. पाचव्यावर आलं की शब्द बरोबर. आणि शब्द बरोबर वाजला तर आतून 'ये' म्हणायचं, हा नियम त्यांनी स्वतः केला होता. राजवर्धन म्हणाला, बाई, तुम्ही गडहिंग्लजला भावाकडं जाऊन ऱ्हावा महिनाभर. निशिगंधा वर्गालाच येईनाशी झाली. बाईंनी बॅग काढलीही. दोन लुगडी, औषधं, इष्टलिंगाच्या डबीचा करडुवा भरला. एसटीची वेळ विचारून ठेवली.

चौथा गुरुवार उजाडला. सकाळच्या गाडीनं जायचं ठरलं होतं, बाई गेल्या नाहीत. दुपारच्या गाडीची वेळ झाली, तरी त्या बॅग शेजारी ठेवून खुर्चीत बसलेल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या आत दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. साडेचार वाजले. राजवर्धनला त्यांनी फोन करून आज येऊ नको म्हणून सांगितलं.

पावणेपाचला पहिला ठोका पडला. हलका. दुसरा हलका. तिसरा हलका. चौथा दाराची फळी हादरेल इतका जड. मग दोन हलके.

चुकलं होतं. एका तुकड्यानं. अजून एक आठवडा की बरोबर येणार होतं.

आणि तेव्हा बाईंना स्वतःचाच विचार ऐकू आला. अजून एक आठवडा. म्हणजे अजून एक आठवडा त्याला दारातच उभा ठेवायचा. मेल्यावरसुद्धा गडी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून शिकत होता, आणि त्या आत बसून पुन्हा मोजतच होत्या. सातवीतली ती पोरगी त्यांना आठवली, शाळेच्या भिंतीला टेकलेली, उन्हानं डोळे बारीक केलेली, तहानलेली. त्या चार दिवसांत एकदा जरी कुणी दार उघडून म्हटलं असतं, की चुकलीस तरी ये, तर ती काय कमी शिकली असती?

दुसऱ्यांदा पहिला ठोका पडला. त्याच्या पुढचा पडायच्या आत बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

बोळात कुणी नव्हतं. ऊन होतं, बनियन होते. बाईंनी रिकाम्या उंबऱ्याकडं बघितलं. वर्षाराणींचं बोलणं त्यांना चांगलं आठवत होतं.

"ये, पिराजी," त्या म्हणाल्या. "चुकलं तरी ये."

भट्टीचं तोंड उघडावं तशी एक झळ त्यांच्या अंगावरून आत गेली. जळलेल्या वाळूचा वास आला. त्यांच्या पदराचं टोक हललं, आणि मागं खोलीत, भिंतीकडची लोखंडी खुर्ची करकरली. पिराजी नेहमी त्याच खुर्चीत बसायचा. बाई वळल्या नाहीत. वळायचं धाडस त्यांना झालं नाही. तशाच भिंत धरून त्या कोपऱ्यात गेल्या, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, डब्यातला गुळाचा खडा बशीत ठेवला, आणि खाली मान घालून दोन्ही टेबलावर ठेवलं.

बराच वेळ काही झालं नाही. वर्कशॉपमधला लेथ सुरू झाला आणि बंद पडला.

मग टेबलावर वाजलं. चार हलके. पाचवा जड. सहावा हलका.

पहिल्याच दणक्यात.

"बरोबर," बाई म्हणाल्या. शिकवायला लागल्यापासून इतकं मोकळं त्या कधी रडल्या नव्हत्या, त्या दिवशी रडल्या. "बरोबर, पिराजी. एकदम बरोबर."

दार त्यांनी लावलं नाही. अंधार पडेपर्यंत ते उघडंच होतं. दिवा लावल्यावर त्यांनी पेल्याकडं बघितलं. पाणी संपलं होतं, आणि तळाशी काळ्या वाळूचा एक कण होता.

पुढच्या गुरुवारी दारावर कुणी वाजवलं नाही. वाजवायला तो बाहेर होताच कुठं? वर्षाराणींनी विचारलं, थांबलं का हो ते? बाई म्हणाल्या, थांबलं. ते खोटं नव्हतं. फक्त त्या दिवसापासून त्या एक पेला जास्त भरू लागल्या, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर कुणी पिशवी ठेवली तर उचलायला लावू लागल्या. दारचे शब्द त्यांनी बंद केले. आता वर्गाच्या वेळी दार उघडंच असतं, येणाऱ्यानं सरळ आत यायचं, चुका काय त्या आत बसून करायच्या. निशिगंधा परत आली. तिला खोली पहिल्यापेक्षा उबदार वाटते, पण उन्हाळाच तसा आहे, असं ती स्वतःला सांगते.

मे महिन्यात क्रांती आली. वर्गाला यायचं म्हणाली, नोकरीच्या मुलाखतींत इंग्रजी लागतं. वर्ग भरलेला होता, एवढी एकच जागा रिकामी होती. कुणाला काही कळायच्या आत ती भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि बसल्या बसल्या दचकून अर्धी उठली.

"बाई, खुर्ची गरम हाय," ती म्हणाली. "कोण बसलतं काय हितं आत्ता?"

निशिगंधानं आणि राजवर्धननं एकमेकांकडं बघायचं टाळलं. नीलम्माबाईंनी पेल्यात पाणी ओतलं, गुळाचा खडा घेतला आणि दोन्ही पोरीच्या हातात दिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "उठू नगंस, बस. तुझ्यासाठीच उठलाय त्यो."